मेंटेनन्स आणि ताबा

तुम्ही दोघं इथून गेलात त्या वर्षाबद्दल मी आजवर तुमच्याशी काही बोलले नाही. व्हिडिओ कॉलवर अशा गोष्टी बोलता येत नाहीत. मधेच चित्र थांबतं आणि माणूस तोंड उघडं ठेवून अडकून बसतो. शिवाय तुमच्या शेजारी तुमची आई असते आणि माझ्या शेजारी तुमचा बाबा. म्हणून लिहून ठेवते आहे. तुम्हाला जोडाक्षरं अजून अडतात, तेव्हा हे तुमची आईच वाचून दाखवेल, हे मी धरून चालले आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जड गेलं नसतं. मी कॅम्पातल्या मिशनरी शाळेत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात होते. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून जायचं. शब्द एक आणि अर्थ दोन, असं काही दिसलं की मी लाल पेन्सिलीने गोल करून पत्र परत पाठवायची. खात्यातले लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला माहीत होतं. तरीही हे मराठीतच लिहायला हवं. इंग्रजीत हा घोटाळा झालाच नसता.

तेव्हा तुमचं घर हडपसरच्या पुढे मांजरीला होतं. शेतांत ऊस अजून उभा होता आणि त्याच्या कडेने सोसायट्या वर येत होत्या, त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर. फ्लॅट तुमच्या आईबाबांच्या दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, आणि सुरुवातीला बिल्डरला जे भरावं लागलं त्यात माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचा बराचसा भाग. मी नारायण पेठेत राहत होते, अजूनही तिथेच आहे. सोमवारी सकाळी बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस मांजरीला, आणि शुक्रवारी संध्याकाळी तशीच परत. मधले दिवस तुमच्याकडे. तुमची आई सकाळी कामाला निघायची. तुमच्या बाबाचं ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं, त्यामुळे ती परत येताना तो निघत असायचा. "आमची भेट लिफ्टमध्ये होते," असं ती आल्यागेल्याला हसून सांगायची. मग कधीतरी ती ते सांगेनाशी झाली.

त्यांचं का बिनसलं ते मला विचारू नका. मला माहीत नाही. मोठ्याने भांडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. एका शनिवारी तुमचा बाबा दोन बॅगा घेऊन नारायण पेठेत आला.

"किती दिवस आहेस?" मी विचारलं.

"बघू."

त्याने दाढीचं सामान बाथरूमच्या फळीवर ठेवलं. मी माझी तेलाची बाटली खालच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी एवढंच झालं.

सोमवारी मी नेहमीसारखी मांजरीला गेले. तुमची आई दारात थांबली होती. "आई, तुम्ही याल की नाही मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मुलांची शाळा सुटायचं थोडंच थांबलंय?" ती निघून गेली आणि मी तुमच्या गणवेशांना इस्त्री करायला घेतली. पुढचे कित्येक महिने असेच गेले. तिच्या नवऱ्याला मी माझ्या घरी जेवायला वाढत होते आणि तिच्या मुलांना तिच्या घरी. आमच्या दोघींचं बोलणं डबा, सर्दी, पाण्याचा टँकर एवढ्यापुरतं उरलं होतं. मला त्याचं वाईट वाटत होतं का? आठवत नाही. इस्त्री नीट होत होती, एवढं आठवतं.

आता त्या दोन शब्दांविषयी.

सोसायटीत दर महिन्याला लिफ्ट, वॉचमन, टँकर यांच्यासाठी जे पैसे द्यावे लागतात त्याला इथे सगळे मेंटेनन्स म्हणतात. तो भरायचं काम माझ्याकडे होतं. खाली ऑफिसात एक निवृत्त गृहस्थ सेक्रेटरी म्हणून बसायचे. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांची नावं ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहायचे. तिथे आपलं नाव कधी लागू नये, याची मी काळजी घेत असे. दुसरा शब्द ताबा. बिल्डरने फोन करून "ताबा घ्यायला या" म्हटलं, त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो होतो. "ताबा मिळाला तेव्हा ही रांगत होती," असं तुझ्याबद्दल, मोठीबद्दल, आमच्या घरात नेहमी बोललं जायचं. हे दोन्ही शब्द आमच्याकडे फ्लॅटचे होते. दुसऱ्या कशासाठी ते वापरायची वेळ आमच्यावर आलेली नव्हती.

एका रविवारी तुमचा बाबा वकिलांकडून आला. मी पान वाढलं.

"काय म्हणते ती?"

"तिला मेंटेनन्स नकोय. फक्त ताबा हवाय."

"फक्त?"

"हो. बाकी काही नको म्हणते."

"मग बाकी उरतं काय?"

"तेच तर ना," तो म्हणाला. पाणी प्यायला आणि खोलीत जाऊन झोपला.

मी भांडी आवरली. किती तरी दिवसांनी मला राग आला होता. सातव्या मजल्यावरचा तो फ्लॅट हवा, पण त्याचा महिन्याचा खर्च मात्र नको. आणि मुलांचं काय? मुलांबद्दल एक अक्षर नाही. फ्लॅट मागते आणि मुलांचं नावही काढत नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. तुमच्या आईला मी तेव्हा दहाबारा वर्षं ओळखत होते. ती अशी नव्हती. पण कोर्टाच्या वाऱ्या सुरू झाल्या की माणसं बदलतात असं मी बऱ्याच जणींकडून ऐकलं होतं, आणि ते मला पटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींच्या ऑफिसात गेले.

"एक विचारायचं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, पण ताबा एकाच्याच हातात गेला, तर मेंटेनन्स कोणी भरायचा?"

त्यांनी चष्मा वर केला. "काकू, लिफ्ट जो वापरतो तो भरतो. त्याला हायकोर्ट कशाला लागतं?"

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"मग आपला फळा आहे," ते म्हणाले. "खडूही आहे."

मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं. त्याच संध्याकाळी तुमची आई घरी आली तेव्हा तुम्ही दोघं खाली खेळत होता. मी पर्स खांद्याला लावून तयार होते. सोमवार असूनही मला तिथे राहायचं नव्हतं.

"ताबा तुला हवा आणि मेंटेनन्स नको, हे मला काही पटलेलं नाही," मी म्हणाले.

ती चपला काढत होती. तशीच वाकलेली थांबली. "मला खरंच नकोय मेंटेनन्स, आई. मी कमावते. पण ताबा मी सोडणार नाही."

"माझंही काही गेलंय त्यात. पैसेही आणि कष्टही."

"मी कुठे नाही म्हणते? तुम्ही नसता तर यातलं काहीच जमलं नसतं."

"मग सरळ अर्धं-अर्धं करा ना. सगळे तसंच करतात."

"अर्धं?" ती ताठ उभी राहिली. "आई, अर्धं कसं करायचं? तुम्ही हे बोलताय?"

"हो, मीच बोलतेय. व्यवहार म्हणजे व्यवहार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिने बेडरूमचं दार लावून घेतलं. आपल्या बोलण्याने ती वरमली असं मला वाटलं. मी शेवटच्या बसने स्वारगेटला आले. पुढे अनेक दिवस ती माझ्याशी फक्त हो आणि नाही बोलत होती, आणि तेही मला बरोबरच वाटत होतं.

त्यानंतर लवकरच तुमच्या बाबाने विचारलं, "मुलं माझ्याकडे ठेवायची तर वकील म्हणतात तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. देशील?"

"देईन," मी म्हटलं. मला विचार करावा लागला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिने मुलं मागितलेलीच नव्हती. मग ती कोणाकडे राहणार? इथेच राहणार.

मी लगेच तयारीला लागले. तुमच्या आजोबांची खोली, जिच्यात त्यांच्या मागे मी पापड आणि जुने अंक ठेवत होते, ती रिकामी केली. पलंगावर पलंग असलेली मुलांची खाट असते ना, तिच्यासाठी भिंतीचं माप घेतलं. सुतार म्हणाला, "आजी, वरच्या मुलाचं डोकं पंख्याला लागेल." म्हणून पंखा काढून भिंतीवरचा लावून घेतला. दोन चौक ओलांडून जी शाळा आहे तिथे जाऊन वर्षाच्या मध्येच प्रवेश मिळतो का, ते विचारून आले. खिडकीला जाळी नव्हती, ती बसवली. हे सगळं मी नीट आणि क्रमाने केलं. तुमच्या बाबाने खोली पाहिली, दारातच थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "अजून काहीच नक्की नाहीये, आई." मी म्हटलं, "होईल."

वकिलांचं ऑफिस शिवाजीनगरला कोर्टाजवळ, जिन्याने वर दुसऱ्या मजल्यावर होतं. तुमच्या बाबाच्या वयाचाच मनुष्य, बोलताना फायलीवरून नजर न हलवणारा. मला काकू म्हणायचा.

"बसा काकू. तुमचं प्रतिज्ञापत्र तयार आहे. वाचून घ्या आणि सही करा. वाचलं नाहीत तरी चालेल."

"मी वाचते," मी म्हटलं.

"वाटलंच," तो म्हणाला.

प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं. पहिल्याच परिच्छेदात मला गृहिणी केलं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि ते दुरुस्त केलं. पुढे एक स्वल्पविराम चुकला होता, तोही केला. मग एक वाक्य आलं की मुलांची आई नोकरीसाठी परदेशी जाणार आहे आणि मुलांना तिच्यासोबत नेऊ इच्छिते. ते मी दोनदा वाचलं.

"हे काय आहे? कोण परदेशी जातंय?"

तुमच्या बाबाने वकिलांकडे पाहिलं. "तिची कंपनी तिला पाठवतेय. मी सांगितलं होतं ना तुला."

"तू मला सांगितलंस की तिला ताबा हवाय."

"हो, मग?"

"फ्लॅटचा."

वकिलांनी पहिल्यांदा मान वर केली.

"फ्लॅटचा ताबा कोणाला हवाय, काकू? फ्लॅट तर तिने सोडून दिलाय. विका, कर्ज फेडा, उरेल ते मुलांच्या नावावर ठेवा, असं लिहून दिलंय तिने. ताबा मुलांचा मागितलाय."

"आणि मेंटेनन्स?"

"पोटगी. ती नको म्हणते. आमच्या धंद्याच्या दृष्टीने अगदी वाईट बाई," वकील म्हणाले. मग माझ्याकडे बघत थांबले. "तुम्हाला कुठला मेंटेनन्स वाटला होता?"

तुमचा बाबा माझ्याकडे बघत होता आणि हळूहळू त्याच्या लक्षात येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, खरंच आलं, आणि तसंच थांबलं. मी माझ्या डोक्यात तुमच्या आईचं वाक्य परत ऐकलं. अर्धं कसं करायचं, आई? तिला वाटलं होतं की मी तुमच्याबद्दल बोलते आहे. एक इकडे आणि एक तिकडे. आणि मी म्हटलं होतं, व्यवहार म्हणजे व्यवहार.

"तिने जे लिहून दिलंय ते मला वाचायला मिळेल का?"

वकिलांनी कागद सरकवले. साधी, चांगली इंग्रजी होती. मला कुठेच पेन लावावं लागलं नाही. माझ्याबद्दल एकच कलम होतं, की मुलांना त्यांच्या आजीशी बोलायची आणि तिला भेटायची पूर्ण मोकळीक राहील. आणखी एक गोष्ट तिथे असू शकली असती, ती नव्हती. त्या वर्षी दिवाळीनंतर मांजरीच्या घरी मला दोनदा चक्कर आली होती. एकदा मी धाकट्याला आंघोळ घालत होते. मी शुद्धीवर आले तेव्हा नळ चालू होता आणि तू, धाकट्या, पाटावर बसून साबणाचा फेस करत होतास. दुसऱ्या वेळेला तुमची आई घरी होती. तिनेच मला दवाखान्यात नेलं, तपासण्या केल्या, गोळ्या आणून दिल्या. "याला सांगू नकोस, उगाच काळजी करेल," असं मी तिला म्हटलं होतं. तिने त्याला सांगितलं नाही. आणि तिच्या वकिलालाही सांगितलेलं दिसत नव्हतं.

मी माझं प्रतिज्ञापत्र पुन्हा समोर घेतलं. शेवटच्या पानावर असं होतं की माझी प्रकृती उत्तम आहे, आणि दोन्ही मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचा सांभाळ करण्यास मी समर्थ आहे व राहीन.

"हे वाक्य मी लिहून देऊ शकत नाही," मी म्हटलं. "माझी प्रकृती साथ देईल तोपर्यंत, असं करा."

"काकू, ही पद्धत आहे. सगळ्या आज्या असंच लिहून देतात."

"आणि सगळ्यांचं खरं होतं?"

"आजपर्यंत कोणी तक्रार घेऊन आलेली नाही."

"यायला त्या असायला तर हव्यात."

वकील थोडे हसले. मग म्हणाले, "बघा, तुम्ही प्रकृती साथ देईल तोपर्यंत असं म्हटलंत की समोरचा वकील विचारणार, प्रकृतीला काय झालंय? यांची शिफ्ट रात्रीची आहे. घरात दुसरं कोणी नाही. आपली सगळी केस तुमच्यावर उभी आहे. काही झालंय का प्रकृतीला?"

मी नाही म्हणू शकले असते. खोटं बोलायचीही गरज नव्हती. गप्प बसून सही केली असती तरी झालं असतं. पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं. पण शपथेवर लिहून द्यायचा कागद होता आणि त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं. मी आयुष्यभर चुकीच्या वाक्याखाली सही केलेली नव्हती. मी त्यांना चक्करेचं सांगितलं. दोन्ही वेळचं.

तुमचा बाबा खुर्चीतल्या खुर्चीत वळला. "कधी? मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या बायकोला माहीत आहे."

"तिने मला..." तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही.

वकिलांनी प्रतिज्ञापत्र उचलून फायलीच्या अगदी तळाशी ठेवलं. "मग हे न दिलेलंच बरं," ते म्हणाले. "आता संमतीने जे होईल ते बघू." त्यांनी चहा मागवला. आम्ही तो प्यायलो. चहा चांगला होता.

त्यानंतर सगळं सरळ झालं. तुमच्या बाबाने लढायचं सोडून दिलं. कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर ते दोघं अनेकदा बसले. मी बाहेर बाकावर तुमच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायची, कारण बाईंना तुमच्याशीही बोलायचं होतं. तुम्हाला त्यातलं किती आठवतं कोण जाणे. तू मोठी, तू बाहेर येऊन मला म्हणालीस, "त्यांनी विचारलं कोणाकडे राहायला आवडेल. मी म्हटलं, सगळ्यांकडे. त्या म्हणाल्या, असा पर्याय नाहीये." मग तू चिप्स मागितलेस.

अटी ठरल्या. ताबा आईकडे. बाबाने दर आठवड्याला बोलायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही इथे यायचं. तुम्ही निघेपर्यंत त्यात राहायच्या बोलीवर फ्लॅट विकला, कर्ज फिटलं, उरलेले पैसे तुमच्या दोघांच्या नावाने बँकेत गेले. माझे पैसे मला परत द्यावेत असं तुमच्या आईने म्हटलं. मी ते तुमच्याच पैशांत घालायला सांगितले. तुमच्या शिक्षणाचा अर्धा खर्च बाबाने द्यायचा. पासपोर्टसाठी वडिलांची संमती लागते, ती त्याने दिली. सही करताना त्याने वाचलं नाही.

तुमच्या आईला मी घोटाळ्याबद्दल सांगितलं. मांजरीच्या स्वयंपाकघरात ती डबे रिकामे करत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मी अर्धं-अर्धं म्हटलं ते फ्लॅटबद्दल." तिच्या हातात डाळीचा डबा होता. ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की धाकटा धावत आला. "मी तीन आठवडे झोपले नाही, आई," ती म्हणाली. "मला वाटलं, या बाईला झालंय तरी काय." मग तिने डाळ एका पिशवीत ओतली आणि मला दिली. मी ती नारायण पेठेत आणली. पुष्कळ दिवस पुरली.

तुमचे शाळेचे दाखले आणायला मी गेले होते, कारण तुमच्या आईला वेळ नव्हता. क्लार्क बाईंनी शाळा सोडण्याचं कारण विचारलं.

"पालकांचं स्थलांतर," मी सांगितलं.

"दोन्ही पालकांचं?"

"आईचं."

"इथे पालकांचं असं छापलेलं आहे. त्यात आई येतेच," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. मी दोन्ही दाखल्यांवरच्या जन्मतारखा आणि नावाचं स्पेलिंग तपासलं. सगळं बरोबर होतं.

तुम्ही निघालात त्या दिवशी सकाळी तुमचा बाबा आणि मी दोघंही मांजरीला आलो होतो. टॅक्सीत सामान मावेना, म्हणून एक बॅग तुमच्या पायाशी ठेवली. तुमची आई माझ्या पाया पडली. तिने बाबाशी हात मिळवला, ऑफिसातल्या माणसाशी मिळवावा तसा, आणि मग एकदम त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तुम्ही काचेतून बघत होता. सेक्रेटरी खाली येऊन उभे होते. टॅक्सी गेटमधून वळून दिसेनाशी झाल्यावर ते मला म्हणाले, "काकू, या महिन्याचा मेंटेनन्स राहू दे." मी म्हटलं, "कालच भरलाय."

काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

परत येताना तुमचा बाबा गाडी चालवत होता. रेडिओ त्याने लावला नाही. हडपसर मागे पडलं. स्वारगेटच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती आणि सिग्नल दोनदा हिरवा होऊनही आमची गाडी तिथेच होती. त्याने समोर बघतच विचारलं,

"आई, ते अठरा वर्षांचं वाक्य वकिलांनी काढून टाकलं असतं, तर तू सही केली असतीस?"

"ते काढायला तयार नव्हते."

"मी वकिलांचं विचारत नाहीये."

मागून हॉर्न वाजायला लागले. पुढची बस हलली होती. त्याने गाडी काढली आणि मी उत्तर दिलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. आम्ही एकाच घरात राहतो, रोज एकत्र जेवतो, पण तो प्रश्न त्याने परत कधी काढलेला नाही. मी गप्प बसले म्हणजे नसती केली, असं त्याने धरलं असावं, आणि आपल्या आईने सुनेची बाजू घेतली असंही. तो तसं बोलून दाखवत नाही.

मी कोणाची बाजू घेतली नव्हती. चुकीचं होतं ते एक वाक्य. ते नसतं तर चक्करेबद्दल मला कोणी विचारलं नसतं आणि मी आपणहून सांगितलं नसतं. बाकीची पानं मला मान्य होती. मी सही केली असती. तुमच्या आईने काय काय सोडून दिलंय ते त्याच टेबलावर वाचून झाल्यानंतरसुद्धा केली असती.